अजिंक्यच्या पदकाचा माग: बज बिम, हॅरो आणि गॅरिवर्डची चार दिवसांची सहल कशी आखावी

डिसेंबर २०२०. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला भारतीय संघ मेलबर्नला आला, अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या आणि आपण आठ गडी राखून जिंकलो. सामना संपल्यावर अजिंक्यच्या गळ्यात जे पदक पडलं, ते त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं जात होतं. त्याचं नाव मुलाघ पदक. त्याचा आकार १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, क्रिकेट संघाच्या कमरपट्ट्यावरच्या बकलासारखा आहे. ज्याच्या नावाने ते दिलं जातं तो त्या संघातला जॉनी मुलाघ मेलबर्नपासून चार-साडेचार तासांवरच्या हॅरो नावाच्या गावात पुरलेला आहे.

मी मेलबर्नला राहते. आपल्याकडून आई-बाबा, सासू-सासरे आले की आपण सगळे त्यांना ग्रेट ओशन रोडला नेतो, ट्वेल्व्ह अपॉसल्ससमोर फोटो काढतो आणि तिथूनच गाडी परत वळवतो. खरं तर तिथून आणखी दीड-दोन तास पश्चिमेला गेलं, तर या देशातल्या मूळ लोकांनी स्वतः चालवलेली, स्वतः दाखवलेली बज बिम ही वाम माशांच्या प्राचीन शेतीची जागा बघायला मिळते. ती बघितल्याशिवाय पाहुण्यांना ‘ऑस्ट्रेलिया दाखवला’ असं मला आता म्हणवत नाही. म्हणून हा सविस्तर आराखडा. चार दिवस, स्वतःची किंवा भाड्याची गाडी, बरोबर वयस्कर माणसं आणि शाळकरी मुलं आहेत असं धरून लिहिते आहे.

आधी हे ठरवा: जमीन कोणाची?

‘ॲबोरिजिनल’ हा एक समाज नाही. शेकडो वेगवेगळी राष्ट्रं, त्यांच्या वेगवेगळ्या भाषा. व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली, हेवूड-पोर्टलंडच्या आसपासची भूमी गुंडिचमारा लोकांची. उत्तरेला गेलं की गॅरिवर्डचे डोंगर लागतात, नकाशावर ज्यांना ग्रॅम्पियन्स म्हणतात. ते जाब वुरंग आणि जार्डवाजाली लोकांचे. निघण्याआधी ही तीन नावं घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करायला लावा. तिथे गेल्यावर ‘आदिवासी’ म्हणून एका शब्दात गुंडाळण्यापेक्षा ‘गुंडिचमारा’ म्हटलेलं त्यांना किती वेगळं वाटतं, ते समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. इंग्रजीत बोलताना ‘ॲबोरिजिनल लोक’ किंवा ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणावं. ‘ॲबोरिजिन’ हे नाम आता बऱ्याच जणांना खटकतं, आणि त्याचं ‘अबो’ हे लघुरूप ही शिवी आहे. मुलांना हे स्पष्ट सांगा.

दुसरी पायरी: आधी त्यांची वेळ घ्या, मग हॉटेल

पहिल्या खेपेला मी नेमकं उलटं केलं होतं. पोर्ट फेरीला सुंदर घर मिळालं म्हणून शनिवार-रविवार ठरवला, बज बिमला जाऊन बघू म्हटलं, आणि गेल्यावर कळलं की फेऱ्या भरलेल्या आहेत. कुंपणापलीकडचे दगड बघून परत आलो. चूक माझीच होती.

बज बिमचे मार्गदर्शित दौरे गुंडिचमारांची स्वतःची पर्यटन संस्था चालवते. दोन तासांपासून दिवसभरापर्यंतचे प्रकार असतात आणि ते आधी आरक्षित करावे लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: त्यांच्या संकेतस्थळावर दौऱ्याचा दिवस पक्का करा, मग त्याच्या अलीकडे-पलीकडे मुक्काम जोडा. आरक्षण करतानाच चार गोष्टी विचारून घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कोणता दौरा झेपेल? पाऊस आला तर काय? कॅफे त्या दिवशी उघडं आहे का? दौऱ्याशिवाय कोणत्या वाटा आपल्या आपण चालता येतात? इथला बराच भाग समाजाच्या मालकीचा आहे. फाटक उघडं दिसलं म्हणून आत जायचं नाही.

हंगामाचं म्हणाल तर माझी पसंती मार्च-एप्रिलला. उन्हाळ्याची काहिली ओसरलेली असते, आणि मोठे झालेले वाम मासे समुद्राकडे निघण्याचे हेच दिवस. जून ते सप्टेंबर थंडी-पावसाचे, पण तेव्हा पाट भरून वाहतात आणि वॉरनम्बूलच्या लोगन्स बीचवर व्हेल दिसण्याची शक्यता असते. डिसेंबर-जानेवारी शक्यतो टाळा. वणव्यांचे दिवस असतात, वाटा अचानक बंद होतात, गवतात टायगर साप असतात. कधीही गेलात तरी ‘विक एमर्जन्सी’ हे ॲप फोनवर हवंच.

पहिला दिवस: मेलबर्न ते पोर्ट फेरी, वाटेत टॉवर हिल

ग्रेट ओशन रोड या खेपेला सोडा. कोलॅक-कॅम्परडाउनवरून जाणाऱ्या प्रिन्सेस हायवेने वॉरनम्बूल तीन तासांत येतं. तिथून पंधरा-वीस मिनिटांवर टॉवर हिल. हे ज्वालामुखीचं प्रचंड विवर आहे, आत तळं आणि तळ्यात टेकड्या. आपल्याला पटकन लोणार आठवतं, पण लोणार उल्कापाताने झालं आणि हे जमिनीच्या पोटातून झालेल्या स्फोटाने.

टॉवर हिलला १८९२ साली व्हिक्टोरियाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं होतं, तरी त्याआधी-नंतर गुरं चारून आणि झाडं तोडून ते पार बोडकं झालं. १९६०च्या दशकात पुन्हा लागवड सुरू झाली तेव्हा कोणती झाडं कुठे होती हे शोधायला लोकांनी युजीन फॉन गेरार्ड या चित्रकाराने १८५५ साली काढलेलं इथलं तैलचित्र समोर ठेवलं. एका चित्रावरून अख्खं रान परत उभं राहिलं. आज तिथे एमू रस्त्यात आडवे येतात आणि मान वर केली की कोआला दिसतो.

आतलं पाहुणे केंद्र वॉर्न गुंडिज ही वॉरनम्बूलची ॲबोरिजिनल सहकारी संस्था सांभाळते. त्यांच्याबरोबर तासाभराची फेरी करा. खाण्याच्या, औषधाच्या, दोर वळायच्या वनस्पती हाताला लावून दाखवतात. पहिल्या दिवशी हे केलं तर दुसऱ्या दिवशीचं बरंच काही आपोआप समजतं. एक गोष्ट विचारायला विसरू नका: १९४०च्या दशकात इथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली दगडी कुऱ्हाड सापडली. २०२० साली संशोधकांनी हा स्फोट सुमारे ३७,००० वर्षांपूर्वीचा असल्याचं सांगितलं. म्हणजे राख पडली तेव्हा इथे माणसं होती.

मुक्काम पोर्ट फेरीला. अर्ध्या तासाच्या आतलं अंतर आहे. टॉवर हिलवरून सूर्यास्ताच्या आधी निघा. पुढच्या चारही दिवसांचा नियम तोच: तिन्हीसांजेनंतर गाव सोडून गाडी चालवायची नाही, कांगारू कुठून उडी मारेल सांगता येत नाही. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे आणि गाडी डावीकडून चालते, त्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यालाही हात बदलून द्यावासा वाटतो. इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना थोड्या दिवसांच्या पाहुण्याला चालतो, पण भाड्याच्या गाडीच्या विम्यात त्याचं नाव घातलेलं असलं पाहिजे.

दुसरा दिवस: बज बिम

हा दिवस सगळ्या सहलीचा गाभा. घाई करायची नाही, दुसरं काही त्यात कोंबायचं नाही.

बज बिम म्हणजे ‘उंच डोकं’. गुंडिचमारांच्या दृष्टीने हा ज्वालामुखी त्यांचा आद्य पूर्वज आहे, भूमीतून वर आलेलं त्याचं मस्तक, आणि सांडलेला लाव्हा म्हणजे त्याचे दात. हा लाव्हा समुद्राकडे वाहत गेला, ओढे अडले, पाणथळी झाल्या. त्या काळ्या दगडातून इथल्या लोकांनी पाट काढले, बांध घातले, तळी केली आणि वाम माशांची शेती केली. त्या माशाचं त्यांचं नाव कूयांग. टे राक म्हणजे लेक कोंडाच्या काठावरची एक रचना ६,६०० वर्षांपूर्वीची असल्याचं संशोधनातून दिसलं आहे. आपल्या दायमाबादची वस्ती वसण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी इथे कोणीतरी पाण्याची पातळी मोजूनमापून दगड रचत होतं.

वाटाड्या हे सगळं पाटाशी उभं करून सांगतो, पण रचना आधी डोळ्यांपुढे असली तर जास्त उमजतं. पूर आला की पाणी पाटातून तळ्यात शिरतं आणि त्याबरोबर मासे. पाणी ओसरायला लागलं की बांधातल्या अरुंद फटीला गवताची विणलेली निमुळती लांब टोपली लावायची. लहान मासा पलीकडून सुटून जाईल आणि मोठा अडकेल असं तिच्या शेपटाचं माप. जिवंत मासे तळ्यात राखून ठेवायचे, हवे तेव्हा काढायचे, पोकळ झाडाच्या ढोलीत धूर करून सुकवायचे. मादी इथे पंधरा-वीस वर्षं वाढते, मग नदीतून समुद्रात उतरून थेट कोरल समुद्रापर्यंत पोहत जाते, अंडी घालते आणि मरते. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत परत याच किनाऱ्याला लागतात.

आपल्या माणसांना इथे अनोळखी वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. दगड सह्याद्रीचाच, काळा बेसाल्ट. दगडी घरांची जोती उरली आहेत, अर्धगोलाकार, चुन्या-मातीशिवाय नुसते दगडावर दगड बसवलेले. माझ्या बाबांनी बघताक्षणी म्हटलं, ‘हा तर गडगा.’ आमचं आजोळ राजापूरकडचं. वाटाड्याला मी गडग्याचं सांगितलं तर तो थांबला आणि कोणता दगड खाली, कोणता वर, सांध्यात काय भरता, असं बाबांना विचारत राहिला. ‘हे लोक भटके, यांना घर ना शेती’ असं दीडशे वर्षं शाळेतून शिकवलं गेलं, त्या देशात हे दगड त्या दोघांनी मिळून तपासले.

यातलं वाचलं कसं, हाही इतिहास ऐकून घ्या. १८३०च्या दशकात मेंढ्या घेऊन वसाहतवाले आले. १८४०च्या दशकात गुंडिचमारांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं झुंज दिली, तिला युमेराला युद्ध म्हणतात. या खडबडीत दगडांत घोडे चालत नसत, म्हणून लपायला हीच जागा होती. पुढे १८६७ साली लेक कोंडाला मिशन काढून उरलेल्या लोकांना तिथे ठेवलं. नंतर पाणथळी उपसल्या, तळं कोरडं पडलं. १९८०-८१ साली पोर्टलंडच्या ॲल्युमिनियम कारखान्याविरुद्ध दोन गुंडिचमारा बायका, सँड्रा ओनस आणि क्रिस्टिना फ्रँकलंड, थेट देशाच्या उच्च न्यायालयात गेल्या. आपल्या वारशासाठी दावा लावण्याचा हक्क त्यांना आहे हे न्यायालयाने मान्य केलं. १९८७ साली मिशनची जमीन परत मिळाली, २००७ साली पारंपरिक हक्क मान्य झाला, २०१० साली नवा बांध घालून तळ्यात पाणी आणलं. जुलै २०१९मध्ये बज बिम जागतिक वारसा यादीत आलं. केवळ ॲबोरिजिनल संस्कृतीच्या मूल्यासाठी त्या यादीत गेलेली ही ऑस्ट्रेलियातली पहिली जागा.

टे राकच्या काठावर २०२२ साली त्यांनी मत्स्यशेती केंद्र उघडलं. तिथे कॅफे आहे, वाम खायला मिळते. कोकणात वांब खाल्लेल्या माणसाने इथली धुरावलेली कूयांग खाऊन बघावीच, चव दाट, तेलकट, मिठाची. शाकाहारी मंडळींसाठी काय आहे ते आधी फोनवर विचारा, आणि तरीही दशम्या-चटणी बरोबर ठेवा. आजूबाजूला दुसरं हॉटेल नाही.

जेवणानंतर अंगात बळ असेल तर बज बिम राष्ट्रीय उद्यानात लेक सरप्राइज या विवरातल्या तळ्याभोवती चालून या. मुक्काम पोर्टलंडला किंवा हॅमिल्टनला. पोर्टलंडला राहिलात तर सकाळी केप ब्रिजवॉटरचे कडे बघून निघता येतं. पोर्टलंडजवळच्या किनाऱ्यावर ‘कन्व्हिन्सिंग ग्राउंड’ आहे. किनाऱ्याला लागलेल्या एका व्हेलवरून १८३३-३४च्या सुमारास गोऱ्या शिकाऱ्यांनी तिथे गुंडिचमारांची कत्तल केली. गेलात तर स्मशानात जातो तसं जा. सेल्फी नको.

पाहुणा म्हणून वागायचं कसं

दौऱ्याच्या सुरुवातीला वाटाडा त्याच्या भूमीत तुमचं स्वागत करतो. तेवढा वेळ फोन खिशात, टोपी हातात. ज्येष्ठांना हे लोक ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात, आपल्या काका-मावशीसारखंच, पण तो मान आहे. त्यांची ओळख तशी करून दिली गेली तरच आपणही तसं म्हणावं.

आपल्या माणसांना एक गोष्ट गाडीतच सांगून ठेवा. वाटाडा गोरा, निळ्या डोळ्यांचा असू शकतो. ‘हा तर गोरा दिसतो, हा कसला ॲबोरिजिनल?’ किंवा ‘तू किती टक्के?’ हे विचारायचं नाही. कित्येक पिढ्या सरकारनेच रंग बघून मुलं आईपासून तोडून नेली, त्यामुळे हा प्रश्न जखमेवर बोट ठेवण्यासारखा आहे. आडनावावरून माणूस ताडायची सवय आपल्यालाही आहे, म्हणून आपल्याकडून हे पटकन होतं. त्याऐवजी ‘तुमची आजी इथलीच का?’ असं विचारा. मग ते आपणहून बोलतात.

माणसांचे फोटो विचारून काढा. काही गोष्टी सांगतील पण ‘हे लिहू नका, टाकू नका’ म्हणतील, ते पाळा. दगड उचलायचा नाही, हलवायचा नाही, खिशात घालायचा नाही. व्हिक्टोरियात २००६च्या कायद्याने वारशाची नासधूस हा गुन्हा आहे. ड्रोन घरी ठेवा.

खरेदीबद्दल. टिंबा-टिंबांची चित्रं आणि बूमरँग म्हणजे ॲबोरिजिनल कला असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण टिंबांची ती शैली मधल्या वाळवंटाकडची, ती कॅनव्हासवर आली १९७०च्या दशकात. इथल्या आग्नेय भागाची खूण म्हणजे कोरलेल्या रेषा, चौकटी, पॉसमच्या कातड्याची पांघरुणं आणि गवताच्या टोपल्या. शहरातल्या दुकानातलं ‘हाताने रंगवलेलं’ बूमरँग इंडोनेशियात बनलेलं असू शकतं. अशाच मालासाठी २०१९ साली एका विक्रेत्याला न्यायालयाने तेवीस लाख डॉलरचा दंड केला होता. विकत घेण्याआधी दोनच प्रश्न: कलाकार कोण, आणि कोणत्या राष्ट्राचा? उत्तर नाव घेऊन आलं तरच पैसे काढा. टे राक आणि टॉवर हिलला घेतलेल्या वस्तूचे पैसे कुठे जातात हे तिथे समोरच दिसतं.

तिसरा दिवस: हॅरो

हॅमिल्टनला टाकी पूर्ण भरा, पाणी घ्या. तिथून हॅरो साधारण तासाभरावर. रस्ता मोकळा, नेटवर्क येतंजातं, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. टेल्स्ट्राचं सिम असलेला एक तरी फोन बरोबर असू द्या.

गावात जॉनी मुलाघच्या नावाचं मैदान आहे, स्मारक आहे, त्याचं संग्रहालय आहे. छोट्या गावातलं संग्रहालय, त्यामुळे उघडं असण्याच्या वेळा फोन करून विचाराच. जार्डवाजाली भाषेतलं त्याचं नाव उनारीमिन. मेंढपाळांच्या वाड्यांवर काम करता करता तो क्रिकेट शिकला. १८६६च्या बॉक्सिंग डेला या भागातला ॲबोरिजिनल संघ मेलबर्नच्या मैदानावर खेळला, आणि १८६८ साली ज्या संघाने इंग्लंडचा दौरा केला तो ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला पहिला क्रिकेट संघ. मुंबईच्या पारशांचा संघ इंग्लंडला गेला त्याच्या अठरा वर्षं आधी. मे ते ऑक्टोबरमध्ये ४७ सामने: १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. मुलाघने १,६९८ धावा काढल्या आणि दोनशेहून अधिक बळी घेतले. किंग कोल नावाचा खेळाडू तिथेच आजाराने गेला.

परत आल्यावर काय झालं हे मुलांना इथेच, मैदानाच्या कडेला बसवून सांगा. १८६९ साली व्हिक्टोरियात कायदा आला आणि ॲबोरिजिनल माणसाने कुठे राहायचं, कुठे काम करायचं हे सरकार ठरवू लागलं. तसा दौरा पुन्हा निघणं शक्य राहिलं नाही. मुलाघ हॅरोला परतला. १८७९ साली लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध व्हिक्टोरियाकडून एक सामना मिळाला, त्यात दुसऱ्या डावात ३६ धावा काढून तो सर्वांत पुढे राहिला. हेच हॅरिस पुढे १८९० साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. मुलाघ १८९१ साली वारला. कबर गावच्या दफनभूमीत आहे. आमच्या लेकाने तिथे अजिंक्यच्या शतकाचं कात्रण ठेवायचा हट्ट धरला. मी ठेवू दिलं नाही, त्यांच्या जागेवर आपण काही ठेवायचं नाही म्हणून. त्याने ते उघडून, उभं राहून, मोठ्याने वाचून दाखवलं.

दुपारी बॅल्मोरलवरून हॉल्स गॅपला या आणि तिथेच राहा.

चौथा दिवस: गॅरिवर्ड आणि बंजिल

डिसेंबर २०२४पासूनच्या वणव्यांत या डोंगरांचा मोठा भाग जळला. त्यामुळे कोणती वाट, कोणता धबधबा, कोणतं लेणं उघडं आहे ते पार्क्स व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री बघा. हॉल्स गॅपचं ब्रँबुक सांस्कृतिक केंद्र काकाकुव्याच्या पसरलेल्या पंखांसारख्या छताचं आहे. ते उघडं आहे का हेही तिथेच कळेल. मॅकेन्झी धबधब्याला खाली उतरणाऱ्या पायऱ्या बऱ्याच आहेत, वयस्कर माणसांना वरच्या सज्जावरून दाखवा. बोरोका पॉइंटला गाडी जवळपर्यंत जाते.

व्हिक्टोरियातली बहुतेक शैलचित्रं याच डोंगरांत आहेत. उत्तर टोकाला गुल्गुर्न मांजा येथे गेरूने उमटवलेले हात आहेत, त्यांतले बरेचसे लहान मुलांचे. तिथे जमलं नाही तरी बंजिल चुकवू नका. स्टॉवेलपासून दहा-अकरा किलोमीटरवर, गाडी ठेवली की थोडंसंच चालायचं. एका मोठ्या शिळेच्या कपारीत बंजिल बसलेला आहे, सृष्टी घडवणारा, शेजारी दोन डिंगो कुत्रे. बंजिलचं आज माहीत असलेलं शैलचित्र हे एवढंच. पूर्वी लोकांनी खरवडल्यामुळे पुढे जाळी बसवली आहे. जाळीला कॅमेरा टेकवून फोटो येतो, पण पाच मिनिटं आधी नुसतं बघा. सावली असली की रंग जास्त उठून दिसतो, म्हणून तळपत्या दुपारी न जाता तीननंतर पोहोचा.

तिथून मेलबर्न पावणेतीन तास. साडेचारला निघालात तर बॅलरॅटला चहा-खाणं होतं, आणि कांगारूंच्या वेळेआधी मोठा हमरस्ता लागलेला असतो.